मोठ्या घरचं दार

आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराचा कर्णा खरखरतो, कुणीतरी माईकवर दोनदा फुंकर मारून बघतं, आणि मग वाचनाचा आवाज आमच्या गल्लीत शिरतो. वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी हिंडणं थांबवून एका जागी राहायचं, आणि आपण संसारी माणसांनी रोज संध्याकाळी विहारात जमून ग्रंथ ऐकायचा, असा हा काळ. शिवारात सोयाबीन वर आलेलं असतं, रस्त्याच्या कडेनं तरोटा माजलेला असतो, आणि पालमच्या बसस्टँडवर उतरणारा प्रत्येक माणूस आधी पायाखालचा चिखल बघतो आणि मग पाय टाकतो. मी लॅबमधून घरी येते. दिवसभर लोकांचं रक्त काढून, तपासून बोटांना स्पिरिटचा वास लागलेला असतो. हात धुऊन दमट घरात उभी राहते, आणि दर वर्षी याच दिवसांत मला एक हुक्की येते. घरातलं काहीतरी हलवावं, घासावं, रंगवावं, इकडचं तिकडे करावं.

मिलिंद, माझा नवरा, हे ओळखून असतो. शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे. पावसाळ्यात मोटारी बंद, म्हणून त्याला वेळ असतो. "सांग, यंदा काय ठोकायचंय," एवढंच तो विचारतो. आणि माझ्या मनात एक पावसाळा उभा राहतो. इतके वर्षावास आले आणि गेले, पण त्या एका वर्षीचा माझ्या अंगात राहिला आहे.

आमचं घर मामांनी बांधलेलं. मामा म्हणजे माझे सासरे. प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आधी दोन खोल्या, मग ओसरी, मग मागे पत्र्याचं स्वयंपाकघर, असं नोकरीतल्या बदल्या सांभाळत त्यांनी ते वाढवलं. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट होता, शाळेच्या भिंतींना असतो तसा. वर पिवळट डिस्टेंपर. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, आता घंटा होईल. मामांना त्या हिरव्या पट्ट्याचा अभिमान होता. "लेकरांचे हात लागले तरी पुसता येतंय," ते म्हणायचे. त्यांच्यासाठी पक्कं, नवं, पुसता येणारं घर म्हणजे घर. लोखंडी कपाट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सनमायका लावलेला दिवाण. जुनं काही दिसायचंच नाही.

मी मात्र सेलूची. आमच्या सेलूत रेल्वेलाइनच्या पलीकडे जुन्या लाकडाची एक वखार आहे. पाडलेल्या घरांचे खांब, तुळया, चौकटी तिथं पावसात उभ्या असायच्या. शाळेतून येताना मी त्या लाकडांना हात लावत यायची. दगड गार लागतो, लोखंड गार लागतं, जुनं सागवान मात्र कुणीतरी आत्ता उठून गेलेल्या जागेसारखं लागतं. लग्नानंतर मोबाइलवर मी लोकांची घरं बघायची. जुन्या पेट्या, कंदील, घडवंच्या, सगळं घासूनपुसून दिवाणखान्यात मांडलेलं. एकदा मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, आपल्यात जुनं काही ठेवलेलं नाही का?"

त्या ज्वारी निवडत होत्या. सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "आपल्यात जुनं काय असतंय माय? जुनं त्यांच्यात ऱ्हातंय, ज्यांच्यात ठिवायला जागा व्हती. आपलं तर वापरूवापरूच सरलं."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. ज्वारीत खडा सापडावा तसं त्यांनी ते वाक्य बाजूला काढून ठेवलं आणि पुन्हा सूप उचललं.

त्या वर्षी श्रावण सतत झडीचा झाला. आमचं पुढचं दार प्लायवूडचं होतं. ते खालून फुगलं, पापुद्रे सुटले आणि एक दिवस मिलिंदनं ओढताना कडीच हातात आली. नवीन दार घ्यायचंच होतं. त्याच आठवड्यात मी माहेरी गेले होते. वखारीत गेले तर एका बाजूला सागवानी दोन झडपांचं दार चौकटीसकट टेकवून ठेवलेलं. वर जाड हिरवा रंग थापलेला, पण रंगाखालून कमळांची नक्षी वर आलेली दिसत होती. पितळी कड्या काळ्या पडलेल्या. मी एका कमळावर हात ठेवला आणि तिथंच ठरवलं. मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, "आपल्या दारापेक्षा उंच असंल, पण बसवू." दोन दिवसांनी टेम्पोतून दार पालमला आलं.

मामा तेव्हा ओसरीवर चष्मा पुसत बसले होते. त्या वर्षी विहारात वाचन त्यांच्याकडंच होतं, आणि संध्याकाळचा भाग ते दुपारी एकदा स्वतःशी वाचून ठेवायचे. टेम्पोवाल्यानं आणि मिलिंदनं झडपा उतरवून भिंतीला लावल्या. मामा उठले. जवळ आले. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले आणि उजव्या झडपेवरच्या एका कमळापाशी थांबले. त्या कमळाची एक पाकळी तुटलेली होती. मामांनी त्या जागेकडं बोट नेलं, पण लावलं नाही.

"कुठून आणलं?"

"सेलूहून, मामा. वखारीतून."

"सेलूचं न्हाई हे," ते म्हणाले, आणि आत गेले.

त्या संध्याकाळीही कर्ण्यातून त्यांचा आवाज आला. नेहमीसारखाच, सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं थांबणारा. मी पोळ्या लाटता लाटता त्या आवाजात काही वेगळं सापडतंय का ते शोधत होते. काही सापडलं नाही. जेवताना आत्याबाईंनी मला डोळ्यांनीच सांगितलं, विचारू नको.

सकाळी मी चहा घेऊन ओसरीवर गेले तेव्हा त्यांनीच सुरू केलं. दाराकडं पाठ करून बसले होते.

"वैशाली, ते दार ताडकळसचं हाय, माझ्या गावचं. मालकाच्या घरचं. आमी त्याला मोठं घर म्हणायचो. माझी माय त्यांचं अंगण झाडायची, खळ्यावर राबायची. सणासुदीला अंगणात बसून ऱ्हायची, आतून भाकरी-कालवण येईपर्यंत. मी तिच्यासंगं. आता लेकरानं तेवढा वेळ करावं काय? मी दार बघायचो. कोणतं कमळ कसं हाय, कोणत्या कमळाची पाकळी तुटलेली हाय, मला सगळं पाठ व्हतं. घरी येऊन मातीत काढायचो."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"एक दिवस अंगणात कुणी न्हाई बघून मी पायरी चढलो आणि त्या तुटक्या पाकळीवर बोट फिरवलं. बस, एवढंच. आतून कुणीतरी बघितलं. मग आरडाओरडा. गड्याला सांगून दारावर, उंबऱ्यावर घागरीवर घागरी ओतल्या. माय हात जोडून अंगणाच्या कडंला उभी. मला वाटलं, आता घरी गेल्यावर मार बसतोय. पण तिनं मारलं न्हाई. वाटंनं चालता चालता म्हणली, 'कसं लागत व्हतं रं हाताला?'"

मामा पुढं म्हणाले, "मी तिला सांगितलं, गार व्हतं. तिनं एवढी वर्षं तिथलं अंगण झाडलं, पण दार कसं लागतंय ते तिला माझ्याकडून कळलं."

"मी परत पाठवते मामा. आजच पाठवते."

"राहू दे. तू काय जाणून आणलंस का? ताडपत्री टाक वरून. माझ्या घराला ते लावू नको, एवढंच."

मग आम्ही ते दार बाजूच्या बोळात, न्हाणीच्या भिंतीला टेकवून ताडपत्रीनं झाकलं. मिलिंदनं पुढच्या दाराच्या जागी लोखंडी चौकट वेल्ड करून पत्र्याचं दार बसवलं. वारा आला की ते दार थरथरायचं.

खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं. पण घर उसकटून ठेवलेलं होतं. दाराच्या निमित्तानं ओसरी रिकामी केली होती, भिंतीचे पोपडे निघाले होते. त्यात आश्विनी पौर्णिमेला, वर्षावासाच्या समारोपाला, खीर आमच्याकडं ठरलेली. सगळा मोहल्ला घरी येणार. तेव्हा घराला हात लावणं भाग होतं, आणि गडी लावायचा नाही, आपणच करायचं, असं मी आणि मिलिंदनं ठरवलं.

पावसाळ्यात रंग देणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढतात, आणि ते बरोबर आहे. चुना वाळत नाही. आम्ही उघडीप बघून काम करायचो. सकाळी ऊन दिसलं की मिलिंद दुकान उशिरा उघडायचा, मी लॅबमध्ये जायच्या आधी डोक्याला टॉवेल बांधायची. तो हिरवा पट्टा खरवडताना माझ्या मनगटाला सूज आली. खाली चुन्याचा एक हात, त्यावर निळीचा थेंब टाकलेला दुसरा हात. दुपारी पाऊस आला की ओला चुना पुन्हा राखाडी दिसायचा, आणि आत्याबाई म्हणायच्या, "झालं, पुन्हा स्मशान दिसायलंय." दोन दिवसांनी तोच वाळून दुधासारखा पांढरा व्हायचा, तेव्हा त्या भिंतीला हात न लावता जवळून जायच्या.

त्यांच्यातच काहीतरी हललं ते या भिंतींमुळं. एक दिवस मी घरी आले तर त्या माळ्यावर चढलेल्या. खाली एकेक वस्तू ठेवलेली. मामांच्या पहिल्या नोकरीची लोखंडी संदूक, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव. शाळेनं टाकून दिलेला आणि मामांनी घरी आणलेला लाकडी फळा. काच नसलेला कंदील. आणि एका जुन्या लुगड्यात बांधलेली वाकळ.

"तू म्हणली व्हतीस ना, जुनं काय हाय," त्या वरूनच म्हणाल्या. "हे हाय बग. सरलं न्हाई एवढंच ऱ्हायलं."

त्या पावसाळ्यातल्या संध्याकाळी मला अजून आठवतात, त्यांचा रंग पिवळा आहे. लाइट गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात मी आणि आत्याबाई संदुकीचा गंज घासतोय, बाहेर बेडूक ओरडतायत, आणि लांबून, बॅटरीवर चाललेल्या कर्ण्यातून, मामांचा वाचनाचा आवाज येतोय. संदुकीला आम्ही काळा रंग दिला, पण नावाला हात लावला नाही. तिच्यावर गादी टाकून बसायला केली. फळा स्वयंपाकघरात लावला. आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं, पण त्या त्यावर खडूनं रेघा मारून दुधाचा हिशेब ठेवायला लागल्या. कंदिलात मिलिंदनं बल्ब बसवला. वस्तू त्याच होत्या. माळ्यावर अंधारात बसलेल्या. त्यांना फक्त उजेडात बसायला जागा मिळाली.

वाकळीवरून मात्र आमचं वाजलं. ती मला भिंतीवर लावायची होती.

"वाकळ भितीला टांगायलीस व्हय? पांघरायची असती ती."

"आता विरलीय आत्याबाई. पांघरली तर फाटून जाईल. भिंतीवर राहील तरी."

"लोकं हसतील."

"हसू द्या की."

शेवटी लावली. बांबूच्या दोन काठ्यांमध्ये, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर. निळी, विटकरी, काळी, फिकी पडलेली पांढरी अशी चिंध्यांची वाकळ. टाके बारीक, पाण्याच्या लहरीसारखे वळत गेलेले. ती मामांच्या आईच्या हातची होती. आईचा फोटो नव्हता, दागिना नव्हता, भांडं नव्हतं. ती वाकळच तेवढी.

मामा वाचन करून आले. छत्री कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीकडं बघत उभे राहिले. आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या, की आता हीच उत्तर देईल. मामा जवळ गेले. एका रेघारेघांच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हा माझा सदरा हाय," ते म्हणाले. "पहिलीतला."

मग दुसरा तुकडा. "हे तिचं लुगडं." मग पुन्हा एक. "हे कुणाचं म्हाईत न्हाई." बराच वेळ ते त्या वाकळीवरून बोट फिरवत राहिले. आत्याबाई पाणी घेऊन आल्या, ते पाणी हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले तर बोळात खरखर आवाज येत होता. ताडपत्री काढून बाजूला गुंडाळलेली. दाराची एक झडप दोन विटांवर आडवी, आणि मामा स्टुलावर बसून काचेच्या तुकड्यानं तिचा रंग खरवडतायत. बोटाला चिंधी गुंडाळलेली. सगळ्या अंगावर हिरवा चुरा.

"काय करायलात मामा?"

"रंग काढायलाव."

"कामून?"

"आत काय हाय बघावं म्हणलं."

मी पिशवी ठेवली आणि काचेचा दुसरा तुकडा घेऊन बाजूला बसले. हिरव्याखाली निळा रंग निघाला, निळ्याखाली तांबडा, आणि मग एकदम मधाच्या रंगाचं लाकूड. मामांनी खिशातला रुमाल ओला करून ते पुसलं. कमळाचे देठ, पाकळ्यांच्या शिरा, सगळं वर आलं.

"मामा, कमळ तर आपल्या विहारातही आहे," मी म्हणाले.

"हाय की. कमळ काय कुणाच्या नावावर लिवून दिलंय का." ते हसले. या विषयावर ते हसलेले मी पहिल्यांदाच बघितले. मग काच थांबवून म्हणाले, "मी रात्री इचार केला. हे उभं केलं की दारच व्हतंय. मग कुणीतरी आत, कुणीतरी बाहेर. आपण ते आडवं करू. टेबल करू. पुनवेला खीर खायला लोकं बसतील कुठं?"

भाद्रपद असाच खरवडण्यात गेला. मूग काढून झाले, शेंगांची टरफलं रस्त्यावर ओली होऊन पडली, कापसाला पिवळी फुलं आली. आमच्या बोळात हिरवा, निळा, तांबडा चुरा पावसाच्या पाण्याबरोबर नालीत जात राहिला. मिलिंदनं चौकट कापून तिचे पाय केले. दोन्ही झडपा शेजारी शेजारी ठेवून खालून आडवे पट्टे मारले. पहिल्यांदा टेबल उभं केलं तेव्हा ते एका बाजूला असं कललं की ठेवलेला पेला घरंगळत जाऊन आत्याबाईंच्या मांडीवर पडला. "दारच बरं व्हतं," त्या म्हणाल्या. मिलिंदनं पाय पुन्हा कापले, मग दुसऱ्या बाजूला कललं. तिसऱ्या वेळी जमलं. गंगाखेडला घाण्यावरचं जवसाचं तेल मिळतं, ते मामांनी बाटलीभर आणलं. जुन्या बनियनच्या तुकड्यानं आम्ही चौघांनी चारी बाजूंनी ते लाकडात मुरवलं. आत्याबाईंनी आधी नको नको म्हटलं. मग बसल्या, आणि तळहातानंच चोळायला लागल्या, अंगाला तेल लावावं तसं. त्या तेलाचा वास घरात दिवाळीपर्यंत राहिला.

टेबल अजून पूर्ण वाळलं नव्हतं तेव्हा एका सकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. कुठं जाताय विचारलं तर म्हणाले, "येतो." संध्याकाळी एसटीनं परत आले, तसेच विहारात वाचायला गेले, आणि जेवताना सांगितलं.

"ताडकळसला गेलो व्हतो. वसंतरावांना पुनवेचं बोलावून आलो."

वसंतराव म्हणजे त्याच मालकांचा मुलगा. मामांच्याच वर्गात होते. वर्ग एकच, बसायच्या जागा वेगळ्या. पुढं मोठं घर पाडलं, भाऊबंद शहराला गेले, वसंतराव तिथंच मागं दोन खोल्या बांधून राहत होते.

आत्याबाईंचा हात वाढता वाढता थांबला. "त्यांना कामून?"

"दार त्यांचं बी व्हतं की," मामा म्हणाले.

"येतेत का ते आपल्यात जेवायला?"

"आले तर आले. बोलावणं माझ्या हातात हाय. येणं त्यांच्या."

त्या आठवड्यात मी घरभर फिरत होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. पडदे आत्याबाईंच्या जुन्या नऊवारीचे शिवले. पितळी कड्या चिंच-मिठानं घासल्या आणि टेबलाच्या कडेला जिथं होत्या तिथंच ठेवल्या. सगळं करताना मनात एकच, की ते आले तर काय होईल, आणि नाही आले तर मामांना काय वाटेल. मामा मात्र निवांत होते. रोज संध्याकाळी विहारातून आले की टेबलावरून एकदा हात फिरवायचे आणि मगच पाणी मागायचे.

पौर्णिमेला आभाळ मोकळं झालं. वंदना झाली, वाचनाचा शेवटचा भाग मामांनी घरीच, त्या टेबलापाशी बसून वाचला. ओसरी, अंगण, गल्ली सगळी भरलेली. आत्याबाई आणि मोहल्ल्यातल्या बाया मागं मोठ्या पातेल्यात खीर ढवळत होत्या. बाया वाकळीसमोर थांबत होत्या. कुणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "अशीच आमच्या मायनं शिवली व्हती. आमी फेकून दिली," आणि पदरानं डोळे पुसले.

वाचन संपता संपता फाटकापाशी एक ऑटो थांबला. पांढरा शर्ट, हातात काठी, अंगानं वाळलेले एक गृहस्थ उतरले. मामा उठले आणि फाटकापर्यंत गेले.

"या वसंतराव."

"बसला लय गर्दी व्हती गुरुजी. उशीर झाला."

मामांनी त्यांना टेबलापाशी आणलं. वसंतराव बसायला वाकले आणि तसेच राहिले. त्यांची नजर कमळांवरून फिरत गेली. तुटक्या पाकळीपाशी थांबली.

"हे आमचं दार," ते हळू म्हणाले.

"व्हतं," मामा म्हणाले. "बसा."

वसंतराव बसले. काठी खुर्चीला टेकवली. मी वाटी आणून ठेवली. कमळाच्या नक्षीवर वाटी नीट बसत नाही, थोडी डुगडुगते, म्हणून आम्ही ती दोन कमळांच्या मधल्या सपाट जागेत ठेवतो. मी ती तशी सरकवून दिली. त्यांनी एक चमचा खाल्ला, मग दुसरा. मामाही समोर बसून खात होते. दोन म्हातारी माणसं, मधे ते लाकूड.

"मी आतून बघत व्हतो," वसंतराव एकाएकी म्हणाले. वर न बघता. "पाणी ओतलं तवा. दाराच्या आड उभा व्हतो."

मामांचा चमचा थांबला. "लहान व्हता तुमी."

"लहानच व्हतो."

"मी बी लहान व्हतो."

पुन्हा दोघं खायला लागले. मला वाटलं, झालं, एवढंच बोलणं व्हायचं होतं. मी आत जायला वळले. तेव्हा मागून वसंतरावांचा आवाज आला.

"गुरुजी, एक विचारू का? तुमच्या आईला आमच्यात किसन्याची माय म्हणायचे. न्हाई तर नुसतं ए म्हणून हाका मारायचे. त्यांचं नाव काय व्हतं?"

मामांनी वाटी खाली ठेवली. समोरच्या भिंतीकडं बघितलं. मग लेकरांना शुद्धलेखन सांगताना सांगायचे तसं, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "स-खु-बा-ई."

"सखुबाई," वसंतराव म्हणाले. आणि थोडं थांबून, "सखुबाईंनी आमचं अंगण लय वर्षं झाडलं."

सखुबाईंनी, असं म्हणाले ते. सखुबाईनं नाही. भांड्यांच्या आवाजात, खीर वाढणाऱ्या बायांच्या गलबल्यात ते कुणाच्या लक्षात आलं असेल का, मला माहीत नाही. पण मामांनी सगळं आयुष्य चौथीच्या लेकरांना आदरार्थी बहुवचन शिकवण्यात घालवलं होतं. त्यांनी ते बरोबर ऐकलं. त्यांची हनुवटी थोडी हलली, डोळे भरले, आणि ते लपवायला त्यांनी मान वळवली नाही.

"वैशाली," त्यांनी मला हाक मारली, "वसंतरावांची वाटी रिकामी हाय बग. खीर आण माय."